एक शब्द, चार दिशा : ऑस्ट्रोनेशियन भाषांतील अर्थबदलाचा माग कसा काढावा

मलय भाषेत 'बारात' म्हणजे पश्चिम. फिलिपिन्समधील लुझोन बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर बोलल्या जाणाऱ्या इलोकानो भाषेत 'आबागातान' म्हणजे दक्षिण. मादागास्करच्या मालागासी भाषेत 'आवारात्रा' म्हणजे उत्तर, आणि पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर 'आफा' म्हणजे वादळ. हे चारही शब्द मुळात एकाच शब्दाची रूपे आहेत. एका शब्दाने तीन वेगवेगळ्या दिशा आणि वर एक वादळ असे अर्थ कसे धारण केले, हा प्रश्न ज्याला पडतो आणि ज्याला त्याचे उत्तर कोणाच्या सांगण्यावरून न घेता स्वतः पडताळून पाहायचे आहे, त्याच्यासाठी हा लेख आहे. भाषाशास्त्राचे पूर्वशिक्षण नसले तरी चालेल. मात्र कोशात दिलेला अर्थ आहे तसा उचलण्याची सवय सोडावी लागेल.

सुरुवातीलाच नावांचा एक घोळ दूर केलेला बरा. ऑस्ट्रोनेशियन आणि ऑस्ट्रोआशियाई ही दोन निरनिराळी भाषाकुळे आहेत. मेळघाटातली कोरकू, झारखंडमधल्या संताळी आणि मुंडारी, मेघालयातली खासी आणि निकोबारमधल्या भाषा या ऑस्ट्रोआशियाई कुळातल्या आहेत; त्यांचा या लेखाशी संबंध नाही. ऑस्ट्रोनेशियन कुळात सुमारे १,२०० भाषा मोडतात आणि त्या तैवानपासून न्यूझीलंडपर्यंत व मादागास्करपासून ईस्टर बेटापर्यंत पसरल्या आहेत. मलय, इंडोनेशियन, जावानीज, फिलिपिन्समधली टागालोग, फिजियन, माओरी, हवाईयन ही त्यांतली परिचित नावे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी, किंवा त्याहूनही थोडे आधी, या कुळाची मूळ भाषा तैवानमध्ये बोलली जात होती आणि तिथून निघालेल्या दर्यावर्दी लोकांनी ती दक्षिणेकडे, पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे नेली, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या भाषांना लिखित इतिहास मिळाला, तो बव्हंशी गेल्या काही शतकांतला आहे. त्यामागचे सगळे तुलनेनेच बांधून काढावे लागते. म्हणूनच इथे पद्धतीला इतके महत्त्व आहे.

पहिली पायरी : शब्द निवडणे आणि नोंदवही आखणे

नवख्या माणसाने पहिला शब्द निवडताना तो प्रत्यक्ष वस्तूचा, प्राण्याचा, घराचा किंवा दिशेचा निवडावा. 'प्रेम' किंवा 'विचार' अशा शब्दांचा अर्थ कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो हे आपल्या स्वतःच्या भाषेतही नेमके सांगता येत नाही. पक्षी, समुद्र, वारा यांच्या बाबतीत निदान आपण कशाबद्दल बोलत आहोत हे दाखवता येते.

साधने आता घरबसल्या मिळतात. सर्वांत मोठे साधन म्हणजे भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांनी १९९० मध्ये सुरू केलेला आणि पुढे स्टीफन ट्रसेल यांच्या साहाय्याने इंटरनेटवर आणलेला ऑस्ट्रोनेशियन तुलनात्मक कोश. ब्लस्ट २०२२ मध्ये वारले, पण कोश सर्वांना विनामूल्य खुला आहे. पॉलिनेशियन, म्हणजे सामोअन, टोंगन, माओरी, हवाईयन अशा पॅसिफिकमधल्या भाषांपुरते काम असेल, तर ब्रूस बिग्ज यांनी १९६५ मध्ये ऑकलंडला आरंभलेला 'पोलेक्स' हा शब्दसंग्रह अधिक सोयीचा पडतो. तिसरे साधन म्हणजे मूलभूत शब्दांचा भांडार, ज्यात प्रत्येक भाषेसाठी २१० अर्थांची एकच यादी भरलेली असते. शब्द शोधायला तो उत्तम आहे, परंतु अर्थबदल शोधायला अपुरा आहे, कारण त्याची मांडणीच 'या अर्थाला तुमच्याकडे कोणता शब्द?' अशी असते. ज्या शब्दाने आपला जुना अर्थ सोडला, तो अशा यादीतून गळून पडतो. नेमके तेच शब्द आपल्याला हवे आहेत.

नोंदवहीत प्रत्येक रूपासाठी पाच गोष्टी लिहाव्यात : भाषा, ती बोलली जाते ते ठिकाण, शब्दाचे रूप, कोशातला अर्थ जसाच्या तसा, आणि कोशात असल्यास वापराचे एखादे वाक्य. अर्थ जसाच्या तसा लिहिण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो आहे. टागालोगमधल्या 'हाबागात' या शब्दाला एखाद्या छोट्या कोशात 'नैऋत्य वारा' एवढाच अर्थ मिळेल. मोठ्या कोशात त्याच शब्दाखाली पावसाळा आणि खवळलेला समुद्रही सापडेल. आपण नोंदवहीत 'दिशा' असा संक्षेप केला, की पुढच्या सगळ्या तर्काची वाट तिथेच बंद होते. जुने कोश मिळाले तर तेही पाहावेत. टागालोगचा पहिला छापील कोश १६१३ मधला आहे, म्हणजे त्या भाषेपुरते तरी चार शतकांमागचे अर्थ आपल्याला ताडून पाहता येतात.

दुसरी पायरी : आधी रूप, मग अर्थ

इथे बहुतेकांचा पाय घसरतो. दोन शब्द दिसायला सारखे आहेत आणि त्यांचे अर्थही जवळचे आहेत, म्हणून ते एकाच मुळाचे आहेत, असे मानता येत नाही. उलट, अर्थ दूर गेलेला असताना दोन शब्दांचे नाते सिद्ध करायचे असेल, तर रूपाचा पुरावा अधिक कडक हवा, कारण अर्थाचा आधार आपण स्वतःच सोडून दिलेला असतो.

रूपाचा पुरावा म्हणजे ध्वनींची नियमित अनुरूपता. एक उदाहरण सावकाश पाहू. मलयमध्ये पूर्व दिशेला 'तिमुर' म्हणतात, टागालोगमध्ये दक्षिणेला 'तिमोग'. एवढ्यावरून काहीच ठरत नाही. आता दुसरे शब्द घ्या. नारळाला मलयमध्ये 'न्यिउर' आणि टागालोगमध्ये 'नियोग' म्हणतात. अंड्याला मलयमध्ये 'तलुर' आणि टागालोगमध्ये 'इत्लोग'. शेपटीला मलयमध्ये 'एकोर' आणि टागालोगची जवळची बहीण असलेल्या सेबुआनोमध्ये 'इकोग'. जिथे मलयमध्ये शेवटी 'र' येतो, तिथे या फिलिपिनी भाषांत 'ग' येतो, आणि नारळ, अंडे, शेपूट यांच्या अर्थात काहीही फरक नाही. म्हणजे 'र' आणि 'ग' यांची ही जोडी अर्थाशी निगडित नसून ध्वनींचा नियम आहे. हा नियम एकोणिसाव्या शतकात डच अभ्यासक हर्मन न्यूब्रोनर वान डर टूक यांनी दाखवून दिला. मूळ भाषेत एक विशिष्ट कंठ्य रकार होता असे मानतात. या लेखात तो 'ऱ' या अक्षराने दाखवला आहे. आता 'तिमुर' आणि 'तिमोग' यांच्याकडे पुन्हा पाहिले, की पूर्व आणि दक्षिण एवढे अंतर असूनही दोन्ही शब्द *तिमुऱ या एकाच मुळाचे ठरतात. त्याच नियमाने 'बारात' आणि 'हाबागात' हेही *हाबाऱात या मुळाशी जाऊन मिळतात. शब्दाच्या आधी तारा (*) असेल, तर ते रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नसून तुलनेने बांधलेले आहे, असे समजावे.

पॉलिनेशियन भाषांत शब्दाच्या शेवटची व्यंजने गळतात. म्हणून नारळाचा तिथे नुसता 'निऊ' होतो आणि *हाबाऱात झिजत झिजत 'आफा'पर्यंत येतो. असे नियम प्रत्येक भाषेपुरते आधी शिकून घ्यावेत. १९३४ ते १९३८ या काळात जर्मन अभ्यासक ओटो डेम्पवोल्फ यांनी या नियमांची जी चौकट घालून दिली, तिच्यात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, तरी काम आजही त्याच रीतीने चालते.

तिसरी पायरी : योगायोग आणि उसने शब्द वेगळे काढणे

मलयमध्ये डोळ्याला 'माता' म्हणतात आणि आधुनिक ग्रीकमध्ये 'माती'. हा निव्वळ योगायोग आहे. याहून मोठा मोह भारतीय वाचकाला दोन या संख्येचा होतो, कारण मलयमधला 'दुआ' संस्कृतातल्या 'द्व'च्या अगदी जवळचा वाटतो. तैवानमधल्या आमिस भाषेत मात्र दोनला 'तुसा' म्हणतात आणि मूळ शब्दात मधोमध एक ऊष्म, म्हणजे 'स'सारखे, व्यंजन होते, हे तिथल्या भाषांवरून स्पष्ट दिसते. ते मलयमध्ये गळले म्हणून 'दुआ' उरला. संस्कृतशी असलेले साम्य अशा रीतीने मूळ रूपापाशी पोहोचताच विरते. तौलनिक व्याकरणाचा पाया घालणारे फ्रान्झ बॉप यांच्यासारखे अभ्यासकही १८४१ मध्ये मलय-पॉलिनेशियन भाषा इंडो-युरोपीय भाषांच्या नात्यातल्या असल्याचे प्रतिपादन करून बसले होते, हे लक्षात ठेवले म्हणजे वरवरच्या साम्याचा जोर किती असतो ते कळते.

उसन्या शब्दांचा प्रश्न याहून किचकट आहे आणि मराठी वाचकाला त्यात एक वेगळी सोय आहे, कारण मलय व फिलिपिनी भाषांतले कित्येक संस्कृत शब्द तो पाहताक्षणी ओळखतो. मलयमध्ये 'सुआमी' म्हणजे नवरा, 'इस्त्री' म्हणजे बायको आणि 'सेंगसारा', म्हणजे आपला 'संसार', याचा अर्थ हालअपेष्टा. टागालोगमध्ये 'मुखा' म्हणजे चेहरा आणि 'गुरो' म्हणजे शिक्षक. या शब्दांनी प्रवासात अर्थ बदलले, हे खरे असले आणि त्यांचा अभ्यास रंजक असला, तरी तो दुसरा विषय आहे. कुळातल्या शब्दांच्या नोंदवहीत ते मिसळू नयेत.

खरी अडचण तेव्हा येते, जेव्हा शब्द कुळातलाच असतो, पण वारशाने न येता शेजारच्या बहीण-भाषेकडून उसना आलेला असतो. मालागासीमधले 'आवारात्रा' हे याचे उत्तम उदाहरण आहे. मालागासी ही बोर्निओ बेटाच्या दक्षिण भागातल्या भाषांची, विशेषतः माआन्यान भाषेची, जवळची नातेवाईक आहे. पण मूळ 'ऱ' मालागासीत वारशाने आलेल्या शब्दांमध्ये सहसा टिकत नाही. 'आवारात्रा'मध्ये मात्र तो मलयसारखा 'र' होऊन बसला आहे. यावरून भाषाशास्त्रज्ञ अलेक्झांडर आडेलार यांनी असे दाखवले, की दिशा, वारा आणि नौकानयन यांविषयीचे अनेक शब्द मालागासीने मलय दर्यावर्दींकडून घेतले. मलयमधला 'रिबुत' म्हणजे वादळ; मालागासीतला 'रिव्होत्रा' म्हणजे साधा वारा. म्हणून नोंदवहीत सहावा रकाना आखावा आणि त्यात 'वारसा', 'उसना' किंवा 'अनिश्चित' यांपैकी एक शब्द लिहावा. उसना शब्द बाद करायचा नसतो, फक्त त्याच्यावरून मूळ भाषेतला अर्थ ठरवायचा नसतो.

चौथी पायरी : मते मोजू नयेत, शाखा पाहाव्यात

आता नोंदवहीत समजा चाळीस भाषांतली रूपे जमली आणि त्यांतल्या तिसांमध्ये एक अर्थ, दहांमध्ये दुसरा अर्थ निघाला. पहिला अर्थच मूळचा, असा निकाल इथे लावता येत नाही. ब्लस्ट यांच्या वर्गीकरणानुसार या कुळाच्या दहा प्रमुख शाखा आहेत. त्यांतल्या नऊ एकट्या तैवानमध्ये आहेत आणि तैवानबाहेरच्या सगळ्या भाषा मलायो-पॉलिनेशियन या दहाव्या शाखेत मावतात. त्या शाखेच्याही आत ओशियानिक नावाचा एक गट आहे, ज्यात साडेचारशेच्या आसपास भाषा आहेत. ओशियानिक गटाच्या मूळ भाषेत एखाद्या शब्दाचा अर्थ एकदा बदलला, की तो बदल या शेकडो भाषांत वारशाने उतरतो. ती शेकडो मते दिसतात, पण साक्ष एकच असते. याउलट तैवानमधली एक भाषा आणि सुमात्रातली एक भाषा यांचा अर्थ जुळला, तर त्या दोनच साक्षी अधिक मोलाच्या ठरतात, कारण त्या फार पूर्वी एकमेकींपासून दूर झालेल्या आहेत.

पाचवी पायरी : शेजारचा शब्द काय करतो ते पाहणे

ब्लस्ट यांनी १९८७ मध्ये घरवाचक शब्दांवर लिहिताना एक गोष्ट ठामपणे मांडली, आणि माझ्या मते ती या सगळ्या पद्धतीचा कणा आहे. 'या शब्दाचा मूळ अर्थ काय होता?' असे एकट्या शब्दाला विचारण्यापेक्षा 'त्याच भाषेत त्याच्याजवळच्या दुसऱ्या शब्दाहून हा कसा वेगळा होता?' असे विचारावे.

टागालोग 'बाहाय', सेबुआनो 'बालाय', फिजियन 'वाले', सामोअन 'फाले', हवाईयन 'हाले' आणि माओरी 'फारे' या सर्वांचा अर्थ घर आहे आणि हे सर्व *बालाय या मुळातून आले. मूळ अर्थ 'घर' असे लिहून वही मिटावी, असे वाटते. पण तैवानमधल्या पाइवान भाषेत घराला 'उमाक', बुनुन भाषेत 'लुमाक', मलयमध्ये 'रुमाह' आणि पापुआ न्यू गिनीतल्या मोतू भाषेत 'रुमा' म्हणतात. हे शब्द *ऱुमाक या निराळ्या मुळाचे आहेत आणि ते तैवानपासून न्यू गिनीपर्यंत विखुरलेल्या शाखांत एकच अर्थ टिकवून आहेत. म्हणजे राहत्या घराची जागा आधीच भरलेली होती. मग *बालाय काय होते? मलयमधला 'बालाइ' म्हणजे सभागृह, गावची चावडी. सामोआतले पारंपरिक 'फाले' भिंतींशिवाय, नुसत्या खांबांवर उभे असते. या धाग्यांवरून *बालाय म्हणजे चारही बाजूंनी मोकळी असलेली इमारत, असा अर्थ लावतात, आणि तिचे 'घर' पुढे अनेक ठिकाणी झाले.

समुद्राची गोष्ट अशीच आहे. *तासिक म्हणजे समुद्र, खारे पाणी. हवाईयन 'काइ' आणि इतर पॉलिनेशियन भाषांतला 'ताइ' यांत तो अर्थ अजून शाबूत आहे. *लाहुद हा मात्र समुद्राचा शब्द नव्हता, 'समुद्राच्या बाजूला' असे दिशादर्शक पद होते. मलयमध्ये दिशेचा शब्द वस्तूचा झाला, 'लाउत' म्हणजेच समुद्र ठरला, आणि 'तासिक' सरकून तळ्यावर जाऊन बसला. टागालोगमध्ये 'लाओत' म्हणजे किनाऱ्यापासून दूरचा खोल समुद्र. एकट्या 'तासिक'कडे पाहून समुद्राचे तळे का झाले याचे उत्तर कधीच मिळाले नसते.

पक्ष्यांच्या बाबतीत पुरावा शब्दाच्या घडणीतच आहे. टागालोगमध्ये 'मानोक' म्हणजे कोंबडी, जावानीजमध्ये 'मानुक' म्हणजे कोणताही पक्षी, माओरी आणि हवाईयनमध्ये 'मानू' म्हणजे पक्षी, आणि टोंगनमध्ये तर पक्षी व प्राणी दोन्ही. साधारण वाचकाला वाटते, की आधी 'पक्षी' असा व्यापक अर्थ असेल आणि पाळीव पक्ष्यापुरता तो आकुंचित झाला असेल. परंतु दक्षिण फिलिपिन्समधल्या ताउसुग भाषेत 'मानुक' म्हणजे कोंबडी आणि 'मानुक-मानुक' म्हणजे पक्षी. तिथून हजारो किलोमीटर दूर फिजीत 'मानुमानु' असे दुहेरी रूप पक्ष्यासाठी व प्राण्यासाठी आहे. पक्ष्यासाठी शब्द दुप्पट करावा लागला, म्हणजे साधा शब्द दुसऱ्या कशात तरी गुंतलेला होता, आणि तो कोंबडीत गुंतलेला होता. कोंबडी आधी, पक्षी नंतर, असा क्रम लागतो. जिथे कोंबडीला दुसरा शब्द मिळाला, जसे पॉलिनेशियात 'मोआ', तिथे जुना शब्द मोकळा होऊन सगळ्या पाखरांचा झाला.

सहावी पायरी : नकाशा, वारा आणि जमीन

आतापर्यंतचे काम टेबलाशी बसून होते. यापुढे भूगोल जाणून घेतल्याशिवाय एक पाऊलही टाकता येत नाही, आणि सर्वांत अधिक वेळ इथे द्यावा असे मी आवर्जून सांगेन.

दिशांचे शब्द घेऊ. या कुळाच्या मूळ भाषेत जमिनीवरचा माणूस सूर्याकडे पाहून दिशा सांगत नव्हता. तो *दाया म्हणजे आतल्या, चढाच्या बाजूला, आणि *लाहुद म्हणजे समुद्राच्या, उताराच्या बाजूला, अशी बोली बोलत होता. कोकणातला माणूस आजही देशावर जाण्याला 'घाटावर जाणे' म्हणतो आणि घाटावरचा माणूस 'खाली कोकणात' उतरतो. पूर्व-पश्चिम हा शब्दही उच्चारावा लागत नाही, तशीच ही व्यवस्था. अशा शब्दांचे पुढे काय होते ते किनाऱ्याचे तोंड कुणीकडे आहे यावर ठरते. इलोकानो लोकांचा समुद्र पश्चिमेला आणि डोंगर पूर्वेला आहे, म्हणून इलोकानोत 'लाउद' म्हणजे पश्चिम आणि 'दाया' म्हणजे पूर्व झाली. मलयमध्ये वायव्येला 'बारात लाउत', ईशान्येला 'तिमुर लाउत' आणि नैऋत्येला 'बारात दाया' म्हणतात. म्हणजे ज्यांनी ही नावे घडवली, त्यांचा समुद्र उत्तरेला आणि जमीन दक्षिणेला असली पाहिजे. खुद्द उत्तर दिशेला मलयमध्ये आज 'उतारा' म्हणतात आणि तो सरळ आपला 'उत्तर' आहे. बाली बेटावर हा जुना प्रकार अजून जिवंत आहे. तिथे 'काजा' म्हणजे डोंगराकडे आणि 'कलोद' म्हणजे समुद्राकडे. बेटाच्या मधोमध डोंगर असल्याने दक्षिण बालीत 'काजा' उत्तरेला येते आणि उत्तरेकडच्या बुलेलेंग भागात तीच 'काजा' दक्षिणेला. अर्थ कुठेच बदललेला नाही. कोशकाराने 'उत्तर' असे भाषांतर केले की तो बदललेला दिसतो, एवढेच.

आता *हाबाऱात. हा शब्द जमिनीवरच्या दिशेचा नव्हता, दर्यावरच्या माणसाच्या वाऱ्याचा होता. मलायो-पॉलिनेशियन शाखेच्या मूळ भाषेत त्याचा अर्थ पश्चिमेकडून येणारा मोसमी वारा असा बांधला जातो आणि त्याचा जोडीदार *तिमुऱ म्हणजे पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून वाहणारा वारा. जूनपासून कोकणात पाऊस आणणारे नैऋत्य मोसमी वारे आणि फिलिपिन्समध्ये त्याच महिन्यांत वाहणारा 'हाबागात' हे एकाच आशियाई मोसमी चक्राचे भाग आहेत. तिथली हवामान संस्था आजही 'हाबागात' सुरू झाला, 'आमिहान' म्हणजे ईशान्येचा कोरडा वारा सुरू झाला, अशाच शब्दांत घोषणा करते. इलोकोसच्या किनाऱ्यावर हा पावसाळी वारा दक्षिणेच्या अंगाने येतो, म्हणून इलोकानोत वाऱ्याचे नाव दक्षिणेला मिळाले. मलय दर्यावर्दींच्या पाण्यात तो पश्चिमेकडून येतो, म्हणून 'बारात' पश्चिम झाली. विषुववृत्त ओलांडले, की पावसाळ्याचे महिनेच उलटतात. मादागास्करला पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पडतो आणि तेव्हाचा मोसमी वारा उत्तरेच्या, वायव्येच्या बाजूने येतो; मलय खलाशांचा शब्द तिथे पोहोचला तेव्हा त्याने पश्चिम दिशा सोडली आणि पावसाळी वारा धरून ठेवला, म्हणून 'आवारात्रा' म्हणजे उत्तर. त्याच न्यायाने कोरड्या ऋतूतल्या आग्नेय वाऱ्यांवरून 'तिमुर'चे 'आत्सिमो' होऊन ते दक्षिण झाले. सामोआ आणि टोंगाकडे वर्षातला बराच काळ पूर्वेचे, आग्नेयेचे व्यापारी वारे असतात. पश्चिमेचा, वायव्येचा वारा उठतो तो चक्रीवादळांच्या ऋतूत. तिथे 'आफा' या शब्दाची दिशा पुरती पुसली गेली आणि वादळ तेवढे उरले.

चारही ठिकाणी शब्दाने एकच गोष्ट सोडली नाही : पाऊस घेऊन येणारा, समुद्र खवळवणारा वारा. दिशा ही त्या वाऱ्याला स्थानिक भूगोलाने जोडून दिलेली बाजू होती. आपण सुरुवातीला 'पश्चिम', 'दक्षिण', 'उत्तर' असे तीन शब्द समोर ठेवून त्यांच्यात तार्किक दुवा शोधत बसलो असतो, तर तो सापडला नसता, कारण दुवा दिशांमध्ये नव्हताच.

जमिनीवरच्या बदलाचे असेच बोलके उदाहरण न्यूझीलंडमध्ये आहे. सामोआ, टोंगा आणि हवाई इथे 'मोआ' म्हणजे कोंबडी. माओरींचे पूर्वज तेराव्या शतकाच्या सुमारास न्यूझीलंडला पोहोचले. कोंबडी तिथे त्यांच्याबरोबर टिकली नाही, पण समोर न उडणारे प्रचंड पक्षी होते, ज्यांच्या काही जाती माणसाहून उंच होत्या. कोंबडीचा शब्द रिकामा होता; तो त्यांना मिळाला. शिकारीमुळे हे पक्षी काही पिढ्यांतच नामशेष झाले आणि शब्द त्यांच्या नावाने राहिला. नारळाचेही तसेच झाले. पूर्व पॉलिनेशियात 'नीकाउ' म्हणजे नारळाची झावळी; न्यूझीलंडच्या थंडीत नारळ वाढत नाही, म्हणून तिथे 'नीकाउ' हे त्या भूमीतल्या ताडवर्गीय झाडाचे नाव झाले. अशा वेळी नोंदवहीत शब्दासमोर ती वस्तू त्या ठिकाणी होती की नव्हती, हे अवश्य लिहावे. तेवढ्या एका नोंदीने अनेकदा निकाल लागतो.

सातवी पायरी : निष्कर्ष कसा लिहावा

निष्कर्ष लिहिताना मूळ रूप, कोणत्या पातळीवरची मूळ भाषा आणि बांधलेला अर्थ आधी द्यावा. मग बदल कोणत्या शाखेत आणि कशामुळे झाला ते वाक्यात लिहावे. नुसता बाण काढून 'कोंबडी ते पक्षी' असे लिहिले, तर पुढच्या वाचकाला कारण तपासता येत नाही. उदाहरणादाखल एक नोंद अशी होईल : 'मलायो-पॉलिनेशियन *मानुक, अर्थ कोंबडी, दुहेरी रूप *मानु-मानुक, अर्थ पक्षी. टागालोग आणि ताउसुगमध्ये साध्या रूपाचा जुना अर्थ टिकला. पॉलिनेशियन भाषांत कोंबडीसाठी मोआ हा शब्द रूढ झाल्यावर साधे रूप पक्षीवाचक झाले. जावानीजमध्येही असाच बदल दिसतो, परंतु तो स्वतंत्रपणे झाला असावा, कारण जावानीज आणि पॉलिनेशियन भाषा एका निकटच्या गटातल्या नाहीत.' या नोंदीतला 'असावा' महत्त्वाचा आहे. जे ध्वनिनियमांनी सिद्ध झाले ते 'आहे' म्हणून लिहावे, जे शाखांच्या साक्षीवरून ठरवले ते 'असले पाहिजे' म्हणून, आणि जे केवळ भूगोलाशी जुळते म्हणून पटते ते 'असावे' म्हणून.

सरावासाठी पुढचा शब्द म्हणून 'लिमा' घ्यावा. मलय आणि टागालोगमध्ये 'लिमा' म्हणजे पाच आणि हातासाठी वेगळे शब्द आहेत, मलयमध्ये 'तांगान' व टागालोगमध्ये 'कामाय'. हवाईयन आणि सामोअनमध्ये 'लिमा' म्हणजे पाचही आणि हातही. सुलावेसीतल्या बुगिस भाषेत तसेच, आणि तैवानमधल्या पाइवानमध्येही तसेच. फिजियनमध्ये पाच म्हणजे 'लिमा', पण हात म्हणजे 'लिंगा'. ध्वनींचा नियम तपासावा, पाइवान आणि हवाईयन यांच्यामध्ये किती शाखांचे अंतर आहे ते पाहावे, 'तांगान' आणि 'कामाय' हे शब्द आणखी कोणत्या भाषांत सापडतात ते कोशात शोधावे, आणि मग आधी हात होता की आधी पाच, की दोन्ही अर्थ पहिल्यापासून एकाच शब्दात नांदत होते, याविषयी आपले मत पुराव्यासह लिहून काढावे.